चुंबक चिकटला नाही म्हणून गाडी ठोकलेली ठरत नाही

जुन्या अमेरिकन मसल कारबद्दल, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या वेगवान गाड्यांबद्दल, एक समज वर्षानुवर्षे फिरतोय: छत आणि मागच्या पॅनलच्या सांध्यावर चुंबक चिकटला नाही, की गाडी अपघातातली आणि आत पुट्टी (पत्र्याचे खड्डे बुजवायचा लेप) भरलेली. १९६९ ची कॅमॅरो किंवा १९७० ची चॅलेंजर असेल, तर नेमकी याच जागी ही परीक्षा फसते. तो सांधा कारखान्यातच शिशाने भरला जाई, आणि शिशाला चुंबक चिकटत नाही.

पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडल्यावर खोलगट खाच उरे. तिला आधी कल्हई, मग शिसे-कथलाचा मिश्रधातू. ७०:३० प्रमाणातला हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतो, पण पूर्ण पातळ व्हायला आणखी बरीच उष्णता लागते. मधल्या अवस्थेत तो लोण्यासारखा लाकडी थापीने पसरवायचा, नंतर कानशीने घासायचा. व्हिनाइल छताखाली, म्हणजे छतावर चढवलेल्या प्लास्टिकच्या आवरणाखाली, हे काम अनेकदा ओबडधोबडच सोडलेलं दिसतं. झाकलंच जाणार होतं ना!

खात्री करायची तर रंग किंचित खरवडा. करडा, मऊ, चकाकणारा धातू दिसला तर शिसे. कोरडा भुगा निघाला तर पुट्टी, म्हणजे नंतर कुणीतरी दुरुस्ती केलीय. दाराच्या मधोमध शिसे सापडलं तर तीही दुरुस्तीच. पॉलिशपेपर मात्र मारू नका, शिशाची धूळ विषारी असते.