शाळेतला कॅमेरा आणि शाळेतला भोंगा: एक पाहतो, दुसरा सांगतो

सोलापुरातल्या एखाद्या शाळेच्या पालक सभेत ‘मुलांच्या सुरक्षेचं काय?’ असं विचारलं, की उत्तर बहुधा आकड्यात येतं. सोळा कॅमेरे बसवलेत. मग कुणी विचारतं, काही घडलंच तर वर्गावर्गात आणि घरोघरी कळवायची सोय काय? त्यावर सांगतात, ‘कॅमेरे मोबाईलवर पण दिसतात की.’ विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. खरं तर प्रश्न एका यंत्रणेचा होता आणि उत्तर दुसऱ्याच यंत्रणेचं मिळालं.

हा गोंधळ होणं साहजिक आहे. कॅमेरे आणि स्पीकर एकाच दुकानातून येतात, एकाच कोटेशनवर लिहिलेले असतात, वायरी एकाच पट्टीतून ओढल्या जातात आणि सगळा पसारा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये एकाच कपाटात बसतो. पण त्यांची कामं उलट्या दिशांची आहेत. कॅमेऱ्यामुळे अनेक जागांची माहिती एका पडद्यावर येते. भोंग्यामुळे एका माणसाची माहिती शेकडो कानांपर्यंत जाते. त्यामुळे एक उत्तम चालत असली तरी दुसरीची उणीव भरून निघत नाही.

आधी कॅमेऱ्याचं पाहू, कारण सध्या आग्रह त्याचाच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती या गोष्टीही त्याच आदेशात होत्या, पण लोकांच्या लक्षात राहिला तो कॅमेरा. त्याच प्रकरणात संबंधित शाळेतलं पंधरा दिवसांचं चित्रण नसल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं होतं. म्हणजे कॅमेरा असणं आणि चित्रण हाती असणं याही दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

यामागचं गणित प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने एकदा कागदावर मांडावं. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला साधारण दोन मेगाबिट माहिती पाठवतो असं धरू. चोवीस तास रेकॉर्डिंग चालू ठेवलं तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी होतात. सोळा कॅमेऱ्यांचे झाले सुमारे ३४५ जीबी. कोटेशनमध्ये २ टीबीची हार्डडिस्क लिहिली असेल, तर ती सहा दिवसांच्या आत भरते. भरली की यंत्र तक्रार करत नाही, सर्वांत जुनं चित्रण पुसून त्या जागी नवं लिहीत राहतं. सीबीएसईने जुलै २०२५ मध्ये आपल्या शाळांना किमान पंधरा दिवसांचं चित्रण जपायला सांगितलं. तेवढ्यासाठी या हिशेबाने ५ टीबीहून जास्त जागा लागते, म्हणजे ६ टीबीची डिस्क. हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्डिंग, अशी सोय वापरली तर जागा वाचते, पण मधल्या सुट्टीत, प्रार्थनेच्या वेळी आणि शाळा सुटताना हालचाल अखंडच असते.

सगळ्यांत त्रास देणारी गोष्ट वेगळीच आहे. लहान मूल त्रास झाला त्याच दिवशी बोलत नाही. कधी आठवड्याने, कधी महिन्याने, कधी आईच्या मांडीवर झोपताना बोलतं. तोवर ते चित्रण पुसलं गेलेलं असतं. म्हणून बालकांच्या संरक्षणासाठी कॅमेऱ्याइतकीच, किंबहुना जास्त, गरज आहे ती मुलाचं म्हणणं मोठ्यांपर्यंत पोचवणाऱ्या वाटेची. विश्वासातल्या एक बाई, दर आठवड्याला खरोखर उघडली जाणारी तक्रारपेटी, आणि भिंतीवर मुलांच्या उंचीवर लिहिलेला १०९८ हा बालकांसाठीचा मोफत क्रमांक. हीसुद्धा संपर्क यंत्रणाच आहे, तिला वायर नाही एवढंच. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा अत्याचार कळलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. शाळेने आधी आपली चौकशी करून मग ठरवायचं, अशी मुभा नाही.

चित्रणाचा पुरावा म्हणून उपयोग व्हायचा असेल तर आणखी दोन गोष्टी लागतात. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बरोबर हवं. आतला छोटा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ वीस मिनिटांनी चुकली तरी न्यायालयात प्रश्न उभे राहतात. दुसरं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून काही घडलं की शाळेतल्या कुणी क्लिप मोबाईलवर उतरवून पालकांच्या ग्रुपवर टाकू नये. मूळ यंत्र बंद करून पोलिसांच्या हवाली करावं. पीडित मुलाची ओळख उघड करणं हा पोक्सोखाली गुन्हा आहे, आणि दहा सेकंदांच्या क्लिपमधूनही गल्लीतल्या लोकांना मूल ओळखू येतं.

‘थेट दिसतं’ याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मुख्याध्यापक तासावर असतात, पंचायत समितीत असतात, पोषण आहाराच्या नोंदी भरत असतात. सोळा चौकटींकडे दिवसभर बघत बसायला शाळेत माणूस नसतो. कॅमेऱ्याचा मोठा उपयोग नंतर होतो: काय झालं ते कळायला आणि कुणाला धाक बसायला. हे काम मोलाचं आहे. पण आग लागली त्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरच्या सातवी ‘ब’ला त्याचा काही उपयोग नाही.

त्या मिनिटाला लागतो भोंगा. आपल्या शहराला हे वेगळं समजावून सांगायला नको. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला. शहराच्या पूर्व भागात कितीतरी शाळा यंत्रमागांच्या आणि सुताच्या गोदामांच्या भिंतीला भिंत लावून आहेत. शाळेची वायरिंग कितीही चांगली असली तरी शेजारच्या गोदामाचा धूर भिंत बघून थांबत नाही. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून आग लागली आणि ९४ मुलं गेली. वरच्या मजल्यावरून उतरायचा जिना अरुंद होता. त्या घटनेनंतर झालेल्या याचिकेवर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांना अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. अशा आगीत फरक पडतो तो पहिल्या दोन-तीन मिनिटांत सगळ्यांना एकदम कळण्याने, आणि कोणत्या जिन्याने जायचं ते आधीच अंगवळणी पडलेलं असण्याने.

इथे भोंग्याच्या पोटात आणखी एक गोंधळ दडलेला आहे. एकच घंटा दोन उलट आज्ञांसाठी वापरली जाते. आग असेल तर सगळ्यांनी बाहेर मैदानात यायचं असतं. मैदानात पिसाळलेलं कुत्रं शिरलं, फाटकापाशी मारामारी झाली, विजा कडाडायला लागल्या, तर कुणीही बाहेर यायचं नसतं, वर्गाला कडी लावून आतच थांबायचं असतं. दोन्हीसाठी लांब घंटा वाजवली तर अर्धी शाळा धोक्याच्या दिशेने पळेल. माझं मत असं, की घंटा फक्त ‘बाहेर या’साठी ठेवावी आणि ‘आत थांबा’ हे नेहमी माणसाच्या आवाजात, माईकवरून, ठरलेल्या चार शब्दांत सांगावं: ‘वर्गातच थांबा, कडी लावा.’ तीच वाक्यं, तोच क्रम, दर सत्रात सरावाला. आपल्याकडे मराठी शाळेत पहिलीला येणारं मूल घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलत असतं. त्याला ऐनवेळी नवं वाक्य समजणार नाही, पण दहा वेळा ऐकलेलं समजेल. ज्या मुलाला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी वर्गात चमकणारा दिवा हवा, किंवा निदान शेजारी बसणाऱ्या मित्राला त्याची जबाबदारी दिलेली हवी.

भोंग्याच्या तांत्रिक बाजूत कठीण असं काही नाही, पण दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे वीज. आगीत सर्वांत आधी मेन स्विच पाडला जातो. भोंगा मेनवरच चालत असेल तर तो त्याच क्षणी मुका होतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा अॅम्प्लिफायर घ्यायचा आणि ती बॅटरी महिन्यातून एकदा खरोखर वापरून बघायची. व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा आणि हातोडी काढून टाकू नका, त्याला वीज लागत नाही. दुसरी गोष्ट आवाजाची. दाजी पेठ, अशोक चौक, नीलम नगरच्या बाजूला माग चालू असताना वर्गाची दारं लावली, तर मैदानातल्या एका भोंग्याचं बोलणं शब्दशः कळत नाही, नुसता आवाज येतो. प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात छोटा स्पीकर लागतो, आणि चाचणी रविवारी शांततेत न घेता माग धडधडत असताना घ्यावी लागते.

माईक कुणी हातात घ्यायचा, हेही लिहून ठेवायला हवं. धूर पाहणारी व्यक्ती बहुतेक वेळा शिपाईमामा किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी असतात. त्यांनी आधी सरांना शोधायचं, सरांनी मुख्याध्यापकांना विचारायचं, मग घोषणा, यात मिनिटं जातात. घंटा वाजवायचा अधिकार मावशींनाही हवा, आणि चुकून वाजली तर कुणी ओरडणार नाही असा शब्दही हवा. फाटक, मैदान आणि कार्यालय यांच्यात वॉकीटॉकी ठेवायचे असतील तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमधले, मान्यताप्राप्त संच घ्यावेत, त्यांना वेगळा परवाना लागत नाही. बाहेर मदत मागताना अग्निशमन दलाचा १०१ किंवा सगळ्या तातडीच्या मदतीचा ११२. ११२ चा फोन आधी नवी मुंबईच्या केंद्रात जाऊ शकतो, म्हणून पहिला शब्द ‘सोलापूर’ आणि मग पेठ, रस्ता, जवळची खूण. हा पत्ता फोनशेजारी मोठ्या अक्षरात चिकटवलेला असावा. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या शाळेचा पत्ताही नीट सांगता येत नाही.

भिंतीबाहेरचं सांगणं ही आणखी अवघड गोष्ट. पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे संपर्क यंत्रणा, असं सगळे धरून चालतात. रोजच्या गृहपाठाला तो चांगला आहे. संकटात तिथे दोनशे जण एकदम ‘काय झालं?’ विचारतात आणि शाळेची एकमेव खरी सूचना वर सरकून जाते. ग्रुपवर फक्त शाळाच लिहू शकेल अशी सेटिंग करून ठेवावी, आणि सोबत साधा एसएमएस जावा, कारण तो नेट नसतानाही पोचतो. तरीही मागावर काम करणाऱ्या वडिलांना खडखडाटात फोनची रिंग ऐकू येत नाही आणि विड्या वळणाऱ्या आईजवळ फोन नसतोच, तो मोठ्या मुलाकडे असतो. म्हणून शाळेच्या वहीत प्रत्येक मुलासमोर दुसरा क्रमांक हवा: कारखान्याचा, किराणा दुकानाचा, शेजारच्या काकूंचा. ही वही कागदावरचीच असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या गावांत पाणी शिरलं. अशा वेळी जुन्या सुट्टीची पत्रकंही नव्याने फिरायला लागतात. तारीख, शाळेचं नाव आणि पाठवणाऱ्याचं नाव नसलेली सूचना खरी धरायची नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

विजांच्या बाबतीत तर कॅमेऱ्याचा काडीचा उपयोग नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप २० आणि ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजांची माहिती देतं. जूनच्या पहिल्या पावसात आणि परतीच्या पावसात खेळाच्या तासाला ते एका सरांच्या फोनवर चालू असलं, की मुलांना वेळेत मैदानातून आत घेता येतं. पण पुन्हा तेच: सरांना कळलं, मुलांना कळवायला माईक किंवा शिट्टी हवीच.

व्हॅन आणि रिक्षांनाही हीच विभागणी लागू होते. जीपीएसचा ठिपका आसरा चौकात थांबलेला दिसतो. टायर फुटलाय की अपघात झालाय, हे रिक्षाकाकांनी फोन केल्यावरच कळतं. ठिपका दिसतो म्हणून फोन घ्यायचा नाही, असं होऊ नये.

पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी काय घ्यावं, असा प्रश्न जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळांना खरोखर पडतो. कॅमेरे शासनाने सांगितलेत, ते टाळता येणार नाहीत. तरी संख्येवर अडून बसू नये. फाटक, जिने, व्हरांडे आणि स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ (आत कदापि नाही) एवढं नीट दिसेल असे सहा कॅमेरे, पंधरा दिवस पुरेल अशी डिस्क, आणि उरलेल्या पैशांत बॅटरीवरचा भोंगा, मजल्यावरचे स्पीकर आणि सरावाचे दोन दिवस. दहा कॅमेरे कमी झाले तर या सगळ्याचा खर्च सहज निघतो. कोटेशन हातात आलं की दुकानदाराला डिस्क किती दिवस पुरेल हे विचारा, मग त्याच्यासमोर मेन स्विच बंद करा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गात काय ऐकू येतं ते बघायला कुणाला तरी पाठवा.