चादरीतून नक्षी वेगळी काढताना

सोलापुरी चादरीचा फोटो देऊन संगणकाकडून नक्षीच्या कडा मागितल्या, तर बहुधा नक्षी सोडून सगळे मिळते. पडदा ठिपक्यांनी भरतो. चूक संगणकाची नाही. शेजारच्या पिक्सेलांची उजळता जिथे एकदम बदलते तिथे कड, एवढेच त्याला ठाऊक; आणि जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या जाड सुती धाग्यांत प्रत्येक धाग्याला स्वतःची कड असतेच.

म्हणून फोटो आधी धूसर करायचा, पण मोजून. फोटो मोठा करा आणि एका धाग्यापासून पुढच्या धाग्यापर्यंत किती पिक्सेल आहेत ते पाहा. समजा ६ आहेत. गॉसियन गाळणी प्रत्येक पिक्सेलमध्ये शेजारच्यांची उजळता मिसळून फोटो धूसर करते; किती दूरवरची मिसळायची ते सिग्मा हा आकडा ठरवतो. सिग्मा त्या ६ च्या निम्मा, म्हणजे ३ ठेवला, तर धाग्यांच्या चढउतारातला १ टक्काही उरत नाही. १.५ ठेवला तर सुमारे २९ टक्के उरतो, आणि ठिपके परत हजर! सिग्मा ३ असताना १९ × १९ पिक्सेलांची खिडकी, म्हणजे एका वेळी मिसळायचा चौकोन, पुरते. मात्र नक्षीचे कोपरे गोलावतात, आणि एकदोन धाग्यांची रेघ धाग्यांबरोबरच जाते. जवळून फोटो काढूनही ती वाचत नाही. रेघेबरोबर धागाही तेवढाच मोठा होतो.

दुसरा घोटाळा रंगाचा. फोटो करडा करताना लाल ०.२९९, हिरवा ०.५८७ आणि निळा ०.११४ अशा वजनाने मिसळतात. ० ते २५५ च्या मापात २०० मूल्याचा शुद्ध लाल आणि १०२ मूल्याचा शुद्ध हिरवा, दोन्ही ६० च्या आसपास येतात. डोळ्यांना ठसठशीत दिसणारी कड संगणकापुरती नाहीशी! शेजारच्या पिक्सेलांतला फरक मोजणारी सोबेल गाळणी तिन्ही रंगांवर वेगवेगळी चालवा आणि प्रत्येक पिक्सेलला सर्वांत तीव्र बदल ठेवा. उत्तरे अधिक-उणे चिन्हासह १६ बिटांत साठवा. बिनचिन्हाच्या ८ बिटांत ऋण आकडे शून्य होतात; मग उजळाकडून गडदाकडे जाणाऱ्या कडा गळतात आणि फुलाला एकच बाजू उरते.

शेवटी, खऱ्या कडा निवडायला संगणकशास्त्रज्ञ जॉन कॅनी यांची १९८६ ची पद्धत. तिला बदलाच्या तीव्रतेचे दोन उंबरठे लागतात: वरच्याच्या पलीकडची कड पक्की, दोहोंमधली फक्त पक्कीला चिकटली असेल तरच घ्यायची. आधी वरचा उंबरठा ठिपके जाईपर्यंत चढवा, मग खालचा त्याच्या निम्मा ते एक तृतीयांश ठेवा. तुटक रेषा बऱ्याचशा जुळतात.

सुरकुत्यांपुढे मात्र यातले काही चालत नाही. सोलापूरच्या कडक उन्हात सुरकुतीची सावली नक्षीइतकीच गडद पडते. चादर ताणून अंथरा आणि फोटो सावलीत काढा.