खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही?

"हातवारे शिकवू नका, पोर बोलायचं नाही," असं कर्णबधिर मुलांच्या आईबापांना अजूनही सांगितलं जातं. हे खरं नाही. समज जुना आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेत शिक्षकांनी खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करण्याचा ठराव केला. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे! २०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरलेल्या याच परिषदेने तो ठराव नाकारला, खेदही व्यक्त केला.

खुणांच्या भाषेला, म्हणजे सांकेतिक भाषेला, स्वतःचं व्याकरण असतं. ती बोलण्याच्या आड येत नाही. धोका वेगळाच. श्रवणयंत्र बसून वाचा-उपचार लागू पडेपर्यंत मूल कुठल्याच भाषेविना राहतं, आणि पहिली वर्षं हातची गेली की भाषेचा पायाच कच्चा राहतो. यंत्र लावाच, पण खुणाही शिका. आजीनंसुद्धा.