माणसांचे फोटो काढायला कुठली प्राइम घ्यायची : ३५, ५० की ८५?

दुकानात येऊन बरेच जण पहिलं वाक्य हेच बोलतात, "दादा, ते बॅकग्राउंड ब्लर होणारं लेन्स दाखवा ना." दाखवतो की, ती म्हणजे प्राइम, झूम न होणारी, एकाच एमएमची लेन्स (३५, ५०, ८५, आकडा मोठा तेवढं समोरचं जवळ दिसतं), पण त्याआधी आम्ही उलट दोन प्रश्न विचारतो, कॅमेरा कुठला आणि फोटो कुठं काढणार. काही जणांना वाटतं हे उगाच चौकशा करतायत. तसं नाहीये. तुळशीच्या लग्नानंतर काउंटरवर इतकी गर्दी असते की प्रत्येकाला बसवून समजावणं होत नाही, म्हणून हा कागद छापलाय. घरी न्या, निवांत वाचा, मग या.

आमचं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घोळ नको. लेन्स निवडताना एफ नंबर (लेन्सचं भोक किती उघडतं तो आकडा, लहान आकडा म्हणजे जास्त उघडं) दुसऱ्या नंबरवर, ब्लर तिसऱ्या नंबरवर. पहिलं म्हणजे तुम्हाला मागं सरकायला जागा किती आहे.

कॅमेरा फुल फ्रेम का क्रॉप?

फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चिप, ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या फ्रेमएवढा. त्याचा कर्ण साधारण ४३ मिलिमीटर येतो आणि त्याच्या आसपासच्या लेन्सला स्टँडर्ड म्हणतात. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला तो ५० एमएम घेऊनच आला, तेव्हापासून ५० हीच स्टँडर्ड म्हणून बसली ती बसलीच. कार्तिए-ब्रेसाँसारखा नावाजलेला फ्रेंच फोटोग्राफर आयुष्यभर मुख्यतः ५० वरच काम करत राहिला.

पण आपल्याकडं येणाऱ्या बहुतेकांच्या हातात क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, असते. कॅनन १५००डी, २००डी, आर५०, आर१०, निकॉन डी३५००, डी५६००, झेड५०, सोनी ए६४००, झेडव्ही-ई१०, फुजीची सगळी एक्स सिरीज, हे सगळे क्रॉप. यांच्यावर ५० लावली तरी ती ५०च राहते, फक्त सेन्सर लहान असल्यामुळं कडेचा भाग कापला जातो आणि फ्रेम ७५ लावल्यासारखी दिसते, कॅननवर तर ८०. म्हणजे यूट्यूबवर कुणीतरी सोनीच्या फुल फ्रेम ए७ वर ५० लावून हॉलमध्ये मस्त फोटो काढतोय ते बघून तुम्ही १५००डी साठी ५० घेतली तर तुमच्या घरात तेवढीच फ्रेम बसणार नाही, मग लेन्स वाईट आहे असं वाटायला लागतं, आणि लेन्सचा बिचारीचा काही दोष नसतो.

टेप काढा, खोली मोजा

हे खरंच करा. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो, वर खाली थोडी जागा सोडून, कॅमेरा उभा धरून काढायचा तर फुल फ्रेमवर ५० ला साधारण ९ फूट लागतात. तीच ५० क्रॉपवर लावली की १४ फूट, कॅननच्या क्रॉपवर त्याहून थोडं जास्तच. क्रॉपवर ३५ लावली तर १० फुटांत काम होतं. आणि फुल फ्रेमवर ८५ म्हणाल तर साडेपंधरा फूट.

आता आपल्या घरातला हॉल किती असतो? १० बाय १२, फार तर १० बाय १५. त्यात एका भिंतीला सोफा, दुसरीकडं टीव्हीचं युनिट, आणि माणसाला भिंतीला चिकटवून उभं करायचं नाही कारण मग मागचं ब्लरच होत नाही, निदान तीनचार फूट पुढं घ्यायचं. राहिलं किती? आठ फूट. तेवढ्यात क्रॉपवर ५० ने कमरेपासून वरचा फोटो येतो, त्याला ७ फूट लागतात. पूर्ण उभा माणूस येणार नाही, तुम्ही दाराबाहेर जिन्यात जाऊन उभे राहिलात तरच.

आमच्या दुकानात फरशीवर पांढऱ्या पट्ट्या मारल्यात, ५ फूट, ७, १०, १४. तुमचीच बॉडी, आमची लेन्स, समोर तुमच्याच सोबत आलेला माणूस उभा करा आणि पट्टीवर उभं राहून बघा. दोन मिनिटांत जे कळतं ते तासभर रिव्ह्यू बघून कळत नाही.

उलट रंकाळ्यावर नाहीतर पन्हाळ्यावर प्रीवेडिंग करणाऱ्यांचं गणित वेगळं. तिथं जागाच जागा, मागं सरका किती पण. त्यांनी क्रॉपवर ५० डोळे झाकून घ्यावी, फुल फ्रेमवाल्यांनी ८५ चा विचार करावा. बारसं, वाढदिवस, डोहाळजेवण, घरातले कार्यक्रम असलं जास्त काढत असाल तर क्रॉपवर ३५ नाहीतर ३०, फुल फ्रेमवर ५० नाहीतर ४०.

नाक मोठं का दिसतं

"३५ ने चेहरा बिघडतो" असं सगळे सांगतात. अर्धं खरं आहे. चेहरा लेन्स बिघडवत नाही, अंतर बिघडवतं. चेहऱ्याच्या दोन फुटांवर गेलात की कॅमेऱ्यापासून नाक आणि कान यांच्या अंतरात टक्केवारीनं बराच फरक पडतो, म्हणून नाक फुगतं आणि कान मागं पळतात. पाच फुटांवरून तोच चेहरा नीट दिसतो, मग लेन्स कुठली पण असो. ३५ वाला नुसता चेहरा फ्रेममध्ये भरायला नकळत जवळ जातो म्हणून तिचं नाव खराब झालंय. तेव्हा नियम एकच ठेवा, चेहऱ्यापासून पाच फुटांच्या आत शक्यतो जायचं नाही. ३५ असेल तर कमरेपर्यंत घ्या, आजूबाजूचं घर, देवघर, आजीच्या मागची कपाटं येऊ द्यात, फोटोला त्यानं मजाच येते. नुसते चेहरेच काढायचे असतील तर मग क्रॉपवर ५०.

नथ, डोळा आणि एफ १.८

आता ब्लरकडं येऊ. नवीन प्राइम घेतली की महिनाभर सगळे फोटो एफ १.८ वरच निघतात, हे आम्हाला माहितीये, चालायचंच. पण नवरीचा क्लोजअप घेताना जरा थांबा. फुल फ्रेम, ५० एमएम, एफ १.८, पाच फुटांचा नियम मोडून अंतर साडेतीन फूट धरलं तर शार्प भाग सगळा मिळून चारपाच सेंटीमीटरचा असतो, म्हणजे डोळ्यावर फोकस केला तर डोळ्याच्या पुढं जेमतेम दोनएक सेंटीमीटर. नथ त्याच्याही पुढं असते. परिणाम असा की डोळा कडक शार्प आणि नथीतले मोती वितळल्यासारखे, आणि नवरीकडच्या मंडळींना नेमकी नथच बघायची असते! एफ ४ वर या, शार्प भाग दहा सेंटीमीटरपर्यंत जातो, नथ पण येते, मुंडावळ्या पण येतात, मागचा मांडव तरी ब्लरच राहतो. चेहरा थोडा वळलेला असेल तर कॅमेऱ्याच्या जवळचा डोळा पकडा. नव्या मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेले कॅमेरे) डोळा आपोआप पकडणारा आय फोकस आहे तो चालू ठेवा, आणि जुन्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेले) मधला एकच फोकस पॉइंट वापरा, सगळे पॉइंट चालू ठेवले तर कॅमेरा जवळची वस्तू पकडतो आणि जवळची वस्तू म्हणजे हार.

अजून एक, सगळ्याच स्वस्त ५० मध्ये एफ १.८ वर उन्हात चमकणाऱ्या जरीच्या, दागिन्यांच्या कडेला जांभळट हिरवट रेघ दिसते. लेन्स खराब आहे म्हणून परत घेऊन येऊ नका, एफ २.८ वर आणलं की बरीचशी जाते.

ग्रुप फोटोला एफ १.८ नकोच. पहिली रांग शार्प, मागचे मामा धूसर, आणि मामा ते लक्षात ठेवतात. दोन रांगा असतील तर एफ ५.६.

आणि ब्लर फक्त एफ नंबरानं येत नाही. माणूस भिंतीपासून किती लांब आहे त्यानं जास्त फरक पडतो. भिंतीला टेकलेल्या माणसामागं एफ १.४ सुद्धा फार काही करत नाही. म्हणून परत तेच, जागा.

उजेडाचं काय

प्राइमचा खरा फायदा ब्लरपेक्षा उजेडात आहे असं आमचं म्हणणं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ किट लेन्स ५५ ला नेली की एफ ५.६ होते. एफ १.८ त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथं किट लेन्सला आयएसओ (सेन्सर उजेडाला किती वाढवून घेतो तो आकडा) ६४०० लागत होता तिथं ६४० वर भागतं, दाणे जातात, त्वचा स्वच्छ येते. कार्यालयातल्या संध्याकाळच्या रिसेप्शनला हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. तिथं एलईडीमुळं फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर १/१०० ला लावून बघा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळं साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, शटर त्याच्याशी जुळलं की पट्टे बहुधा जातात. नाचणारी वरात १/१०० वर हलेल, तिथं फ्लॅश लावा.

एफ १.४ घ्यायची का असं विचारतात. एफ १.८ पेक्षा उजेड दीडपटीहून जरा जास्त, पण किंमत आणि वजन त्या मानानं खूपच वाढतं. धंदा करत असाल आणि रोज वापरणार असाल तर घ्या. हौसेसाठी असेल तर उरलेल्या पैशात एक फ्लॅश घ्या, जास्त उपयोगी पडेल. आमचा एफ १.४ वर फायदा जास्त सुटतो, तरी सांगतोय.

५० इतकी स्वस्त कशी, नकली आहे काय?

हा प्रश्न खूप येतो. नकली नाही. साध्या ५० ची काचांची रचना मुळात १८९६ सालच्या झाइसच्या प्लॅनार लेन्सच्या वळणाची आहे, पुढं मागं जवळजवळ सारख्या काचा, मोजून सहाएक. डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढं आरसा असतो, त्याला हलायला जागा सोडावी लागते आणि त्यामुळं ३५ आणि त्याहून रुंद लेन्सना उलटीसुलटी जास्त काचा घालाव्या लागतात, ५० ला ती भानगड नाही. त्यात ती वर्षानुवर्षं लाखांनी बनतेय. प्लास्टिकची बॉडी हलकी वाटते, कॅननची ५० एसटीएम तर १६० ग्रॅमच्या आसपास आहे, पण फोटो प्लास्टिक काढत नाही, काच काढते.

कंपनीनुसार थोडं

कॅनन डीएसएलआर : ५० एफ १.८ एसटीएम. जुनी २ नंबरची (५० एफ १.८ II) सेकंडहँड स्वस्तात मिळते, पण तिला पाच पात्यांचं अ‍ॅपर्चर (उजेडाचं भोक) आहे, मागचे दिवे पंचकोनी दिसतात, एसटीएमला सात पाती आहेत. घरातल्या फोटोंना क्रॉपवर २४ एफ २.८ ची चपटी लेन्स बघा, उजेड कमी घेते पण जागेचा प्रश्न सुटतो. आर सिरीजवाल्यांनी (कॅननचे मिररलेस) आरएफ ५० घ्यावी, किंवा जुनी ५० घरात पडलीच असेल तर नुसता अ‍ॅडॅप्टर न्यावा, ऑटोफोकस व्यवस्थित चालतो.

निकॉन : इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ५० एफ १.८डी या लेन्सच्या आत मोटर नाही. डी३५००, डी५६०० आणि त्या घरातल्या सगळ्या बॉडींमध्येही मोटर नाही. दोन्ही एकत्र आले की ऑटोफोकस होतच नाही, हातानं फिरवत बसा. ऑनलाइन सेकंडहँड स्वस्त दिसली म्हणून घेऊन टाकतात आणि मग आमच्याकडं रिपेअरला आणतात, रिपेअर करण्यासारखं त्यात काही नसतं. एएफ-एस लिहिलेली जी सिरीज घ्या. क्रॉपसाठी डीएक्स ३५ एफ १.८जी ही आमची सगळ्यात आवडती लेन्स, घरच्या फोटोंना याहून जास्त काही लागत नाही. झेडवाल्यांना (निकॉनचे मिररलेस) ५० एफ १.८ एस भारी आहे पण ४०० ग्रॅमच्या वर जाते, वजन नको असेल तर ४० एफ २.

सोनी : क्रॉपवर सिग्मा ३० एफ १.४ नाहीतर सोनीची ३५ एफ १.८ ओएसएस. फुल फ्रेमवर ५० एफ १.८ पासून सुरुवात करा. फुजी : ३५ एफ २.

व्हिडिओ पण करणार असाल तर दुकानात एकदा शांतपणे फोकस फिरवून ऐका, काही स्वस्त लेन्सच्या मोटरचा आवाज कॅमेऱ्याच्या माईकमध्ये येतो.

सेकंडहँड आणि पावसाळा

सेकंडहँड घ्यायला आमची हरकत नाही, आम्ही पण विकतो. मोबाईलचा टॉर्च मागून मारा आणि पुढून आत बघा. धुळीचे दोनचार कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ते फंगस, ती लेन्स सोडून द्या कितीही स्वस्त असली तरी. पात्यांवर तेलाचा डाग नको. मागच्या सोनेरी पॉइंटवर हिरवट काही नको. मग स्वतःच्या बॉडीवर लावून जवळ आणि लांब दोन्ही फोकस करून बघा.

आणि घेतलेली लेन्स जून ते सप्टेंबर चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवू नका. गगनबावडा, राधानगरी, कोकण साइडच्या लोकांनी तर अजिबातच नाही. हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल, एवढं पुरतं, जेलचा रंग बदलला की नवीन टाका. सगळ्यात चांगलं म्हणजे वापरत राहा, उजेडात फिरणाऱ्या लेन्सला फंगस सहसा धरत नाही.

भाव सारखे बदलतात म्हणून इथं छापले नाहीत, काउंटरवर विचारा. बिल आणि कंपनीचं वॉरंटी कार्ड मागून घ्या, आमच्याकडून घ्या नाहीतर दुसरीकडून. वीकेंडला एखाद्या कार्यक्रमापुरती लेन्स भाड्यानं पण मिळते, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं, आणि नंतर तीच नवी लेन्स घेतलीत तर एक दिवसाचं भाडं बिलातून वजा करतो. येताना स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि कार्ड घेऊन या, आणि खोलीचं माप कागदावर लिहून आणा. सोमवारी दुकान बंद असतं.