ऑपरेशन झालं म्हणजे शुगर गेली?

सोलापुरात हे सर्रास ऐकू येतं: वजनाचं ऑपरेशन करा, शुगर कायमची जाते, गोळ्या फेकून द्या. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, शेवटचा धोकादायक.

गॅस्ट्रिक बायपासनंतर, म्हणजे पोट लहान करून अन्नाला आतड्यात आखूड वाट देणाऱ्या वजनाच्या ऑपरेशननंतर, वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत शुगर खाली येते. अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं, इन्शुलिन वाढवणारं जीएलपी-१ हे संप्रेरक वाढतं आणि खाणंही कमी झालेलं असतं. म्हणूनच इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळीचा डोस डॉक्टरांकडून लगेच कमी करून घ्यावा लागतो. जुनाच डोस चालू ठेवला तर शुगर ७०च्या खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. मेटफॉर्मिन ही शुगरची दुसरी गोळी मात्र बऱ्याचदा चालूच राहते.

औषधाविना किमान ३ महिने एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली राहिलं, तर त्याला 'रेमिशन' म्हणतात. बरं होणं नव्हे! आजार जुना असेल, इन्शुलिन बरीच वर्षं चालू असेल, तर रेमिशन मिळणं अवघड. मिळालं तरी काही वर्षांनी शुगर परत चढू शकते. डोळ्यांचा पडदा आणि किडनीची तपासणी दरवर्षी हवीच.

जेवणाचं म्हणाल तर कडक भाकरी सुरुवातीचे आठवडे नकोच. आधी पातळ, मग मऊ. पुढे मऊ भाकरी वरणात कुस्करून, घास अगदी बारीक चावून. प्रथिनं रोज किमान ६० ग्रॅम लागतात आणि ती शेंगाचटणीतून भागत नाहीत, तिच्यात तेलच जास्त. अंडी, डाळ, दही घ्या. शेंगापोळीनंतर एक ते तीन तासांनी हातपाय गळाले तर शुगर मोजा, गोडानंतर ती उलट खाली गेलेली असू शकते. बी१२, लोह, कॅल्शियम ही पूरकं जन्मभर.