चौदा चेंडूंची सोडत

१२ मे २०२५ रोजी शिकागोत झालेल्या सोडतीत डॅलस मॅव्हरिक्स या बास्केटबॉल संघाला नवा खेळाडू सर्वांत आधी निवडण्याचा, म्हणजे पहिला, क्रमांक लागला, तेव्हा त्यांची शक्यता होती अवघी १.८ टक्के. तीनच महिन्यांपूर्वी या संघाने लुका डॉन्चिच हा आपला सर्वोत्तम खेळाडू लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन चाहत्यांचा रोष ओढवून घेतला होता. आणि आता कूपर फ्लॅग हा त्या वर्षीचा सर्वांत नावाजलेला नवा खेळाडू नेमका त्यांच्याच पदरात पडणार होता. सोडत आधीच ठरवलेली होती, असा ओरडा लगेच सुरू झाला. या शंकेचं उत्तर गणितात आहे, आणि ते गणित फार देखणं आहे.

एनबीए या अमेरिकी लीगमध्ये ३० संघ आहेत. दरवर्षी नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघाने आधी निवडावं, म्हणजे लीगमधला समतोल टिकतो, हा त्यामागचा हेतू. पण शेवटून पहिला येणाऱ्याला बक्षीस ठेवलं, की मुद्दाम हरण्याचा मोह होणारच. १९८४ पर्यंत दोन्ही विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये नाणं उडवून पहिला क्रमांक ठरत असे. त्या वर्षी ह्यूस्टन रॉकेट्स जाणूनबुजून हरत असल्याचे आरोप झाले. नाणेफेक त्यांनीच जिंकली आणि हकीम ओलाजुवान त्यांना मिळाला. (मायकेल जॉर्डन त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेला.) पुढच्याच वर्षी लॉटरी आली.

सुरुवातीला सात संघांचे सात लिफाफे होते आणि सगळ्यांना समान संधी. १९९० पासून दुबळ्याला जास्त संधी मिळू लागली: ६६ पैकी ११ सर्वांत वाईट संघाला, आणि एक-एक कमी होत शेवटी एक. १९९३ मध्ये ती एकुलती एक संधी ऑर्लँडो मॅजिकला लागली. हा संघ ४१ सामने जिंकून आणि ४१ हरून बाद फेरीच्या जेमतेम बाहेर राहिलेला. त्यानंतर आजची चेंडूंची पद्धत आली.

यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू घालतात. वीस सेकंद घुसळून पहिला चेंडू काढतात, मग दर दहा सेकंदांनी एक, असे चार. वेळ मोजणारा माणूस यंत्राकडे पाठ करून उभा असतो आणि हात वर करून इशारा देतो, म्हणजे कोणता चेंडू तोंडाशी आलाय हे पाहून क्षण साधता येऊ नये. हे सगळं दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमाआधी बंद खोलीत होतं. तिथे संघांचे प्रतिनिधी आणि पत्रकार बसलेले असतात, त्यांचे फोन काढून घेतलेले असतात.

चौदातून चार चेंडू, क्रम न पाहता, किती प्रकारे निघतील? १४ × १३ × १२ × ११ म्हणजे २४,०२४. चार आकडे २४ वेगवेगळ्या क्रमांनी येऊ शकतात, म्हणून २४ ने भागायचं. उत्तर १,००१. यातल्या एक हजार चौकड्या बाद फेरीत न पोचलेल्या चौदा संघांना वाटतात, दुबळ्याला जास्त. उरलेली ११-१२-१३-१४ ही चौकडी कुणाचीच नाही, ती आली तर पुन्हा सोडत. एक हजार हा आकडा टक्केवारीसाठी इतका सोयीचा आहे, की चौदा चेंडू निवडणाऱ्याचं कौतुक वाटतं.

२०१८ पर्यंत सर्वांत वाईट संघाला २५० चौकड्या मिळत, तळातून तिसऱ्याला १५६. म्हणजे आणखी हरण्याची किंमत चांगली मिळत होती. फिलाडेल्फियाच्या संघाने तर २०१३ पासून काही हंगाम उघडपणे असाच डाव मांडला, आणि २०१५-१६ मध्ये त्यांनी ८२ पैकी केवळ १० सामने जिंकले. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारख्याच १४० चौकड्या दिल्या गेल्या, आणि पहिल्या चार जागा सोडतीने ठरू लागल्या; उरलेल्या जागा दुबळ्यापासून क्रमाने. मला हा बदल योग्य वाटतो, जरी त्याने खरोखर गरीब संघाचं नुकसान होतं. या पद्धतीत सर्वांत वाईट संघ पाचव्या जागेच्या खाली जात नाही, पण नेमका पाचव्या जागी जाण्याची शक्यता ४७.९ टक्के असते. २०२५ मध्ये युटा जॅझ १७ विजयांसह तळाला होता, आणि त्याला पाचवाच क्रमांक मिळाला. मोह पूर्ण संपलेला नाही, कारण तळातून तिसरा संघ सातव्या जागेपर्यंत घसरू शकतो. मात्र तो बराच कमी झाला.

आता पुन्हा डॅलसकडे. सोडतीतल्या सर्वांत दुबळ्या सात संघांना सोडून उरलेल्या सातांच्या पहिला येण्याच्या शक्यता ६, ४.५, ३, २, १.५, १ आणि ०.५ टक्के. एकेकट्या नगण्य दिसतात, पण बेरीज होते १८.५ टक्के. म्हणजे अशा सातांपैकी कुणीतरी पहिला येणं साधारण पाच-सहा वर्षांतून एकदा घडायलाच हवं. २०१९ ते २०२५ या सात सोडतींत ते दोनदा घडलं: २०२४ मध्ये अटलांटा हॉक्स, २०२५ मध्ये डॅलस. सातात किमान दोनदा असं होण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के निघते. त्यात संशयास्पद काही नाही.

डॅलसच का, हा प्रश्न निकाल लागल्यावर सुचतो. डॅलस आणि शिकागो बुल्स या दोघांनी ३९-३९ सामने जिंकले होते. अकराव्या आणि बाराव्या जागेच्या २० आणि १५, अशा ३५ चौकड्या दोघांत वाटल्या गेल्या: डॅलसला १८, शिकागोला १७. शिकागोचा आकडा निघाला असता, तर सोडत त्यांच्याच शहरात झाली म्हणून तितकीच बोंब उठली असती. ती जादाची अठरावी चौकडी कुणाला द्यायची, हेही आधी चिठ्ठ्या टाकावं तसं नशिबावरच ठरलं होतं.