नागालँड म्हणजे नागालिम नव्हे

ऑक्टोबर 2025 मध्ये नागांच्या सशस्त्र चळवळीचे ज्येष्ठ नेते थुइंगालेंग मुइवा हेलिकॉप्टरने मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यात उतरले आणि सोमदल या आपल्या जन्मगावी गेले. नव्वदी ओलांडलेला हा माणूस पन्नासेक वर्षांनी घरी येत होता. त्याआधी 2010 मध्ये त्यांनी गावी जायचा प्रयत्न केला, तेव्हा मणिपूर सरकारने त्यांना राज्याच्या वेशीवर, माओ इथेच अडवलं होतं.

ही बातमी वाचताना ‘नागालँडचे नेते गावी परतले’ असं सहज मनात येतं, आणि गफलत तिथेच होते. सोमदल नागालँडमध्ये नाही, कधीच नव्हतं. मुइवा तांगखुल नागा. तांगखुलांची मुख्य वस्ती मणिपूरच्या डोंगरात, काही पलीकडे ब्रह्मदेशात. ज्या भूमीसाठी मुइवा आधी लढले आणि नंतर वाटाघाटींना बसले, तिचं नाव नागालिम. ही दोन नावं एकमेकांच्या जागी वापरली की ईशान्येकडची निम्मी बातमी उलटी कळते, असा माझा अनुभव आहे.

नागालँड हे भारताचं घटकराज्य. 1 डिसेंबर 1963 रोजी ते अस्तित्वात आलं. क्षेत्रफळ 16,579 चौरस किलोमीटर, 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे 19.8 लाख, राजधानी कोहिमा. तिथे विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहेत, निवडणुका होतात. नागालिमला यातलं काहीच नाही. ‘लिम’ म्हणजे आओ नागांच्या भाषेत भूमी. नागांची वस्ती असलेला सगळा सलग डोंगराळ मुलूख, म्हणजे आजचं नागालँड, मणिपूरचे उत्तरेकडचे आणि पश्चिमेकडचे डोंगर, अरुणाचलचे तिराप, चांगलांग, लोंगडिंग हे जिल्हे, आसामचा काही भाग आणि ब्रह्मदेशातला मोठा पट्टा, हे सगळं या नावात येतं. मागणी करणारे हा प्रदेश साधारण 1 लाख 20 हजार चौरस किलोमीटरचा सांगतात. म्हणजे नागालँडच्या सातपट आणि महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठा.

गोंधळाचं मूळ नावातच आहे. ‘नागालँड’ हा शब्द आधी स्वातंत्र्य मागणाऱ्यांचा होता. अंगामी झापू फिझो यांच्या नागा नॅशनल कौन्सिलने मार्च 1956 मध्ये आपलं भूमिगत सरकार स्थापन केलं, त्याचं नाव ‘फेडरल गव्हर्नमेंट ऑफ नागालँड’. सात वर्षांनी भारत सरकारने राज्य दिलं आणि त्या राज्यालाही हेच नाव मिळालं. शब्द तोच राहिला, अर्थ आक्रसला. 1980 मध्ये इसाक चिशी स्वू, मुइवा आणि एस. एस. खापलांग यांनी काढलेल्या ‘नॅशनल सोशालिस्ट कौन्सिल ऑफ नागालँड’ या सशस्त्र संघटनेच्या नावातही ‘नागालँड’च होतं. 1988 मध्ये ती फुटली. पुढे 1999 मध्ये इसाक-मुइवा गटाने आपल्या नावातलं ‘नागालँड’ काढून ‘नागालिम’ घातलं. शब्द राज्याचा झाला होता, म्हणून मुलखासाठी दुसरा शोधावा लागला.

मग एकाच लोकांचा मुलूख इतक्या तुकड्यांत वाटला कसा गेला? याला कुणी एका दिवशी ओढलेली एखादी रेघ कारणीभूत नाही. रेघा एकामागून एक पडत गेल्या आणि प्रत्येक रेघ दुसऱ्याच कुणाच्या सोयीची होती. 1826 मध्ये यांडाबूचा तह झाला तो ईस्ट इंडिया कंपनी आणि आव्याच्या ब्रह्मी राजात. आसाम आणि मणिपूरवरचा दावा ब्रह्मदेशाने सोडला. मधल्या डोंगरात राहणाऱ्या नागांना कुणी विचारलं नाही, कारण तहाच्या मेजावर बसायला त्यांचा राजाच नव्हता. नागांचं गाव हेच बहुतेक ठिकाणी त्यांचं राज्य. मग चहाच्या मळ्यांच्या रक्षणासाठी, मणिपूरच्या वाटेसाठी इंग्रज डोंगरात शिरले. 1866 मध्ये नागा हिल्स जिल्हा झाला. 1873 च्या नियमनाने ‘इनर लाइन’ आली, जी ओलांडायला आजही परवाना लागतो. खोनोमा गावाने 1879 मध्ये इंग्रजांशी लढाई दिली आणि पुढच्या वर्षी तेही नमलं. मणिपूर संस्थान राहिलं, त्यामुळे तिथले नागा महाराजांच्या मुलखात मोजले गेले. शेवटी 1 एप्रिल 1937 रोजी ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. तोवर जी एकाच साम्राज्याच्या आतली प्रांताची हद्द होती, तिची आधी दोन वसाहतींमधली आणि मग दोन देशांमधली सीमा झाली. 1967 च्या भारत-ब्रह्मदेश करारानंतर तिच्यावर खांब रोवले गेले.

नागांनी हे सगळं मुकाट सोसलं, असं मुळीच नाही. 1929 मध्येच कोहिमाच्या नागा क्लबने सायमन कमिशनला निवेदन दिलं होतं. त्याचा आशय असा, की इंग्रज जाणार असतील तर आम्हाला पूर्वीसारखं आमच्यावर सोडा, आमचं आम्ही ठरवू. जून 1947 मध्ये आसामचे राज्यपाल अकबर हैदरी यांच्याशी नऊ कलमी करार झाला. त्यात दहा वर्षांनंतर पुढचं ठरवायचं, असं कलम होतं. दहा वर्षांनी आम्ही वेगळे व्हायला मोकळे, असा अर्थ नागा कौन्सिलने लावला. दहा वर्षांनी नवी व्यवस्था बसवायची, एवढाच अर्थ दिल्लीने. 14 ऑगस्ट 1947 रोजी कौन्सिलने स्वातंत्र्य जाहीर केलं. 1951 मध्ये फिझोंनी सार्वमत घेतलं आणि 99 टक्के कौल स्वातंत्र्याच्या बाजूने पडल्याचं सांगितलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीवर बहिष्कार पडला. 1953 मध्ये पंडित नेहरू आणि ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू एकत्र कोहिमात आले, तेव्हा निवेदन देऊ दिलं नाही म्हणून जमलेले लोक सभेतून उठून गेले. दोन देशांचे पंतप्रधान व्यासपीठावर, आणि ज्यांच्या मुलखातून या देशांची सीमा जाते ते लोक पाठ फिरवून निघालेले. पुढे काय होणार, ते त्या दिवशी दिसलं होतं. मग लष्कर आलं, गावं जाळली गेली, माणसं एकत्र वसाहतींत कोंडली गेली आणि 1958 मध्ये सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा आला.

नागालँड राज्य जन्मलं ते या रक्तपातातून वाट काढू पाहणाऱ्या नागांच्या प्रयत्नातून. नागा पीपल्स कन्व्हेन्शनने जुलै 1960 मध्ये केंद्राशी सोळा कलमी समझोता केला. (महाराष्ट्र स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने होत होते.) त्यातल्या एका कलमानुसार नव्या राज्याचा विषय परराष्ट्र मंत्रालयाकडे राहायचा होता. दुसरं एक कलम तर आजच्या वादाचं बीजच आहे: लगतच्या इतर नागा भागांनाही या राज्यात येता यावं, ही इच्छा त्यात नोंदवलेली आहे. भूमिगतांनी हा समझोता मानला नाही. कन्व्हेन्शनचे अध्यक्ष इमकोंगलिबा आओ यांची 1961 मध्ये हत्या झाली. पण ते कलम लिहिलं गेलं होतं आणि नागालँडच्या विधानसभेने नागा भागांच्या एकत्रीकरणाचे ठराव त्यानंतर वारंवार केले आहेत.

म्हणून ‘नागालँड म्हणजे नेमस्त, नागालिम म्हणजे फुटीर’ ही विभागणी मला फसवी वाटते. यात दोन वेगळ्या मागण्या एकमेकींत मिसळतात. सगळे नागा एका प्रशासनाखाली यावेत, हे एकत्रीकरण. भारतापुरतं बोलायचं तर संसद कायदा करून राज्यांच्या हद्दी बदलू शकते, तेव्हा ही मागणी संविधानात बसते. आपल्या भूमीवर अंतिम अधिकार आपला, हे सार्वभौमत्व, ते बसत नाही. निवडून आलेला नागा आमदार पहिली मागणी करतो आणि संविधानाची शपथही घेतो. बेळगावचा सीमाप्रश्न ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यातली पहिली गोष्ट पटकन समजेल. पण साम्य तिथेच संपतं, कारण बेळगावच्या वादात दुसरा देश नाही.

आणखी एक नजरचूक आपल्याकडची. अनुच्छेद 371 म्हटलं की आपल्याला विदर्भ आणि मराठवाड्याची वैधानिक विकास मंडळं आठवतात. नागालँडसाठी आहे तो अनुच्छेद 371-अ, आणि त्याची जात निराळी आहे. आपल्याकडचा अनुच्छेद राज्यपालांना मागास भागासाठी जबाबदारी देतो. नागालँडमध्ये मात्र नागांच्या धार्मिक आणि सामाजिक चालीरीती, रूढीने चालणारा न्याय, जमिनीची आणि तिच्यातल्या साधनसंपत्तीची मालकी या विषयांवरचा संसदेचा कायदा विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागूच होत नाही. हे मोठं संरक्षण आहे. पण ते नागा म्हणून मिळालेलं नाही, नागालँड राज्याला मिळालेलं आहे. उखरुलच्या तांगखुलाला ते लागू नाही. वंश एक आणि हक्क दोन, हे नागालिमच्या मागणीमागचं सर्वांत साधं दुखणं आहे.

दुसरी बाजूही तितक्याच कळकळीने पाहायला हवी. जून 2001 मध्ये केंद्र आणि इसाक-मुइवा गटाने बँकॉकमध्ये युद्धविराम वाढवला, तेव्हा तो ‘प्रादेशिक मर्यादेविना’ असेल असं लिहिलं गेलं. युद्धविराम मणिपुरात लागू होणं ही नागालिमच्या नकाशाला दिलेली मान्यता आहे, असं इम्फाळच्या लोकांनी घेतलं. 18 जूनला उसळलेल्या आंदोलनात विधानसभेची इमारत पेटली, गोळीबारात 18 माणसं गेली. पुढच्या महिन्यात केंद्राने ते शब्द मागे घेतले. इम्फाळच्या खोऱ्यात राहणाऱ्या मैतेईंची भीती पोकळ नव्हती. मणिपूरच्या भूमीत खोरं दहावा हिस्सा, बाकी डोंगर. नागांचे डोंगर वगळले तर राज्याचा आकारच बदलतो. शिवाय त्या डोंगरांत कुकीही राहतात, आणि 1990 च्या दशकातल्या नागा-कुकी हिंसाचाराच्या जखमा दोन्हीकडे आहेत. नागालिमच्या नकाशात ज्यांची घरं येतात त्यांतले बरेच जण नागा नाहीत. इंग्रजांनी ओढलेल्या रेघेची तक्रार खरी आहे, पण तिच्या जागी नवी रेघ ओढताना पुन्हा कुणाला तरी न विचारता ओढली जाणार असेल, तर तक्रार फक्त हात बदलेल.

3 ऑगस्ट 2015 रोजी दिल्लीत केंद्र आणि इसाक-मुइवा गटाने ज्या आराखडा करारावर सह्या केल्या, त्यात सार्वभौम अधिकार वाटून घेण्याची भाषा आहे. दिल्ली ते शब्द भारताच्या आत असा वाचते, मुइवांचा गट भारतासोबत असा. स्वतंत्र ध्वज आणि ‘येहझाबो’ ही स्वतंत्र घटना या दोन गोष्टींवर बोलणी अडली. 2017 मध्ये केंद्राने नागालँडमधल्या इतर नागा गटांशी वेगळा समझोताही केला. म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावरही ही दोन नावं दोन खुर्च्यांवर बसली. आणि नागालँड तरी कुठे एकमुखी आहे? पूर्वेकडचे सहा जिल्हे विकासात मागे ठेवले गेलो म्हणून वेगळी व्यवस्था मागत आले आहेत. एप्रिल 2024 च्या लोकसभा मतदानाला तिथली केंद्रं जवळपास ओस पडली.

ब्रह्मदेशाच्या बाजूला तिसरंच नाव आहे: ‘नागा स्वयंशासित क्षेत्र’. 2008 च्या तिथल्या संविधानाने सगाइंग प्रांतात लेशी, लाहे आणि नानयुन या तीन तालुक्यांचं ते केलं. खामती, होमालिनकडचे नागा त्याच्याही बाहेर. खापलांग मूळचे या बाजूचे. रस्ते आणि दवाखाने यांची तिथली टंचाई इतकी, की पलीकडचे लोक औषधपाण्याला आणि बाजाराला भारतात येत आले आहेत.

मोन जिल्ह्यातल्या लोंगवा या कोन्याक नागांच्या गावात हे सगळं एका घरात दिसतं. गावच्या अंघाच्या, म्हणजे वंशपरंपरागत प्रमुखाच्या, घरातून आंतरराष्ट्रीय सीमा जाते. गाव दोन्ही देशांत, अनेकांची शेतं पलीकडे, आणि अंघाचा मान रेघेच्या दोन्ही अंगांच्या गावांत. सीमेपासून 16 किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय ये-जा करायची मुभा होती. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने ती रद्द करायचं आणि 1,643 किलोमीटरच्या सगळ्या सीमेवर कुंपण घालायचं जाहीर केलं. 1 मार्चला नागालँड विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला. वर्षअखेरीस मुभा 10 किलोमीटरवर आणून तिला सीमापासाची अट घातली गेली. या नियमाने पलीकडच्या शेतावर जायला लोंगवाच्या माणसाला आपल्याच गावात पास दाखवावा लागतो.